मानाचं हाड

१

पडदा ताणून झाला होता, सभागृह खच्चून भरलं होतं, आणि जिचा चित्रपट बघायला सगळं कोकसुइ गाव बर्फ तुडवत विद्यापीठात आलं होतं, ती बेगायिम अतिथीगृहात आपल्या खाटेवर मरून पडली होती. कार्यशाळेची प्रमुख गुल्सारा तिला बोलवायला गेली, दार लोटलं आणि उंबऱ्यातच तिला गरगरलं. खोलीत कोळशाचा वायू कोंडला होता. तिनं बुटानं खिडकीची काच फोडली, म्हणून ती तरी वाचली.

तपासाला बुरुलचा आली. तिला लांबून यावं लागलं नाही. ती तिसऱ्या रांगेत बसलेलीच होती. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडानं फटकळ अशी ही बाई गावच्या पोलिसांत तपासनीस होती, आणि कोकसुइत गाय चोरीला गेली काय नि माणूस मेला काय, प्रकरण शेवटी तिच्याच दारात येई.

अतिथीगृहाच्या या जुन्या भागात नळांतून येणारी ऊब कधीच बंद पडली होती. खोलीत लोखंडी शेगडी होती, पोटात अर्धवट जळलेला कोळसा, आणि धुराड्याची झडप घट्ट लावलेली. निखारे धगधगत असताना झडप लावली की काय होतं, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. दारात जमलेल्यांचा निकाल तेवढ्यात लागूनही गेला होता. राजधानी बिश्केकहून आलेली शहरी बाई, तापानं फणफणलेली, ऊब टिकावी म्हणून झडप लावली नि गोळी घेऊन झोपली. बिचारी. शहरातल्यांना शेगडीची अक्कल कुठून असणार?

गुल्साराला हा निकाल पटण्यासारखा होता. तीन दिवसांची तिची कार्यशाळा, खेड्यापाड्यांतून आलेल्या इतिहासाच्या शिक्षिका, चित्रपट दाखवून मुलांना शिकवायचं कसं याचे धडे, रोज संध्याकाळी गावासाठी खेळ. त्यात अपघात परवडला असता, दुसरं काही नाही.

बुरुलचानं कॅमेरा उचलला. त्यातलं कार्ड गायब होतं. ती शेगडीपाशी वाकली, तेवढ्यात उशाखाली फोन वाजायला लागला. तिनं तो काढला. पडद्यावर ‘आपा’, म्हणजे आई, असं नाव होतं, आणि खाली मेलेल्या मुलीच्या आईचा फोटो. डोक्याला पांढरा रुमाल, डाव्या भुवईवर जुना व्रण.

ती बाई बुरुलचाच्या ओळखीची होती. तेरेकसाय गावची सायकाल. जुमाश भट्टीवाल्याची विधवा.

म्हणजे नवऱ्याचं आडनाव लावून आलेली ही शहरी बाई कोकसुइच्या भट्टीवाल्याची लेक होती. शेगडीच्या मांडीवर वाढलेली पोर. आणि ती जळत्या कोळशावर झडप लावून झोपेल?

फोन वाजतच राहिला. तो उचलायला त्या खोलीत कुणाचाही हात पुढे झाला नाही.

२

वीसेक वर्षांपूर्वी कोकसुइच्या वसतिशाळेत एका हिवाळ्यात मुलं झोपेतच गेली. इमारत तापवणाऱ्या भट्टीची झडप वेळेआधी लागली होती. भट्टीवाला जुमाश ‘मी लावली नाही’ असं ओरडत तुरुंगात गेला आणि तिथेच खोकून मेला. बेगायिमचा अपुरा चित्रपट त्या रात्रीवर होता, हे गावाला ठाऊक होतं. ती कुणाची मुलगी, हे ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मानणारं आमचं गाव. तरी लोक आले होते, कारण आज पहिल्यांदाच एका साक्षीदाराचं बोलणं दाखवणार, असं तिनं जाहीर केलं होतं. कोणाचं, ते सांगितलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी घेतलेली ती मुलाखत फक्त त्या गायब कार्डावर होती.

सायकालला कुणी काही कळवलं नाही, कळवणारही नव्हतं. जवळचं माणूस गेल्याची खबर आमच्यात फोनवर देत नाहीत. वडीलधारी माणसं मिळून दारात जातात, चहा घेतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि मग त्यांतला सगळ्यात वयस्कर जो, तो सांगतो. तोवर सगळ्या मुलखाला ठाऊक असलं तरी त्या घरापाशी सगळे मुके होतात.

सगळ्यात वयस्कर म्हणजे इसाबेक अगाय. ऐंशीला टेकलेले, वसतिशाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक. निम्मं कोकसुइ त्यांच्या हाताखालून गेलेलं. अगाय म्हणजे मास्तर, पण गावात नुसतं अगाय म्हटलं की तेच. बुरुलचाच्याही हातावर त्यांची छडी पडली होती. त्यांनी आपणहून सांगून टाकलं, उद्या दुपारी मी जातो तेरेकसायला, ते माझंच काम आहे.

सकाळी सायकालचा फोन पुन्हा आला, तेव्हा गुल्सारानं तो उचलला. “ती वर्गात आहे, आपा,” ती म्हणाली. “हो, जेवली. हो, ताप उतरला.” फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बुरुलचाला तिच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

गुल्सारानं मग आदल्या दिवसाचं सांगितलं. दुपारी कार्यशाळेच्या सांगतेचं जेवण होतं, मेंढी कापली होती. बेगायिम तापामुळे आली नाही, खोलीत झोपली. स्वतः गुल्सारानंच तिला गोळी दिली होती, आणि तेव्हा झडप उघडी होती. जेवायला बायकांचा थाळा मोठ्या खोलीत, पुरुषांचा आतल्या. कार्यशाळेत पुरुष पाचच. बायका सगळ्या एकमेकींच्या डोळ्यांसमोर होत्या. पुरुषांचं पुरुषांना ठाऊक.

“कार्डावर कोणाची मुलाखत होती?” बुरुलचानं विचारलं.

“मला सांगितलं नाही. त्या माणसाला अजून भीती वाटतेय, एवढंच म्हणाली.” गुल्सारा थांबली. “आणि म्हणाली, त्या पाचांतलाच एक आहे.”

३

पाच पुरुषांतला पहिला तिलेक, बेगायिमचा कॅमेरावाला, तिशीच्या आतला. त्याच्या विरुद्ध बोलणारं पुष्कळ होतं. तीनही दिवस दोघं भांडत होती, आणि खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. मुलाखत घेताना बेगायिमनं त्यालाही बाहेर काढलं होतं, हे त्याला फार लागलं होतं. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. पाचही जण थाळ्याभोवती होतो, आपण तर उठलोच नाही, असं तो म्हणाला. मग, एजे, म्हणजे ताई, इथल्या म्हाताऱ्यांसमोर उठायची सोय तरी आहे का, असंही म्हणाला.

“निदान पोटभर जेवलास ना?” बुरुलचानं सहज विचारावं तसं विचारलं. दुःखातल्या माणसाला खाण्यावर आणलं की तो बोलतो, असा तिचा अनुभव होता.

मांडीचं हाड मिळालं होतं, तो म्हणाला. एवढं मोठं हाड आयुष्यात पहिल्यांदा. पण त्यातलं निम्मं त्यानं बेगायिमसाठी पिशवीत बांधून घेतलं होतं, आणि ती पिशवी अजून त्याच्या खिडकीत होती. तो पुन्हा रडायला लागला.

दुसरे ओमुरबेक, सत्तरीला आलेले, खेळाचे निवृत्त मास्तर. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की पाचही जण सुरुवातीच्या दुव्यापासून, म्हणजे प्रार्थनेपासून, शेवटच्या दुव्यापर्यंत थाळ्याभोवती होते. अगाय? अर्थात होते. शेवटचा दुवा त्यांनीच तर म्हटला.

तिसरा शारशेन, भूगोलाचा मास्तर, साठीचा, गावचा फुशारखोर. तोही तेच म्हणाला, अगदी त्याच शब्दांत, आणि बुरुलचाला ते खटकलं. शारशेननं जन्मात कधी दुसऱ्याचे शब्द उसने घेतले नव्हते. त्याच्या तोंडात स्वतःचेच मावत नसत. मग ती त्याच्याशी मांसाबद्दल बोलायला लागली, तसा तो खुलला. खुब्याचं हाड खाल्लं म्हणाला.

“तुम्ही?” थोरल्या माणसाला म्हणतात तसं बाइके म्हणत बुरुलचा हसली. “बाइके, तुम्हाला कधीपासून खुबा मिळायला लागला?”

“का, मला दात नाहीत? माणूस म्हातारा होतोच की, पोरी. बायकोला सांगितलं तर म्हणते, हाड तेवढं मोठं मिळालं, अक्कल कधी मिळायची?” तो खुशीत हसला, मग इथे कोण मेलंय ते आठवून टोपी सारखी करत बसला.

चौथा कुबात. तिशी नुकतीच ओलांडलेला, अबोल, उत्तम शिकवणारा. तोही वसतिशाळेचाच. त्या रात्री त्याच निजायच्या खोलीत होता, आणि जिवंत राहिला होता. आईबाप नसलेल्या या पोराला अगायनं घरी ठेवून घेतलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं. कुबातनंही तेच म्हटलं, पाचही जण होतो. पण त्याचे हात मांडीखाली दाबलेले होते.

“तू काय खाल्लंस?”

“मांडीचं,” कुबात म्हणाला. “खाल्लं नाही. समोर होतं.”

तो गेल्यावर बुरुलचा एकटीच वर्गात बसून राहिली. फळ्यावर बेगायिमच्या अक्षरात एक ओळ उरली होती. शिक्षिकांना तिनं शिकवलं होतं, चित्रपट संपला की मुलांना हे विचारा. ‘यात कोण दिसलं नाही?’

तिनं ती ओळ दोनदा वाचली, आणि ओमुरबेकना पुन्हा गाठायला उठली.

४

इसाबेक अगाय व्हरांड्यात गाडीची वाट बघत उभे होते. नवी कोरी पांढरी टोपी, लांब काळा कोट, हातात काठी. तेरेकसायला जायची तयारी झाली होती. बुरुलचानं त्यांना आत बोलावलं. शाळेतली सवय जाता जात नाही. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

“सायकाल आपाला काय सांगणार, अगाय?”

काय सांगायचं असतं, ते म्हणाले. देवानं दिलं, देवानं नेलं. शेगडीचा अपघात. घरच्या घरी होतं तसं झालं.

“काल जेवायला होतात ना तुम्ही?”

“सगळ्यांनी सांगितलंच असेल.”

“सांगितलं. आणि तुम्ही काय खाल्लंत?”

म्हातारा जरा चिडून म्हणाला, “हे काय विचारणं झालं? मला काय देतात? खुबा दिला.”

“ओमुरबेक बाइकेंना विचारून आले आता. त्यांनाही खुबा मिळाला. शारशेन बाइकेंनाही.” बुरुलचाचा आवाज बारीक झाला होता. “मेंढीला खुबे दोनच असतात, अगाय. तुम्हीच शिकवलंत मला मोजायला.”

व्हरांड्याबाहेर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला.

तिनं ते हिशेब मांडावा तसं मांडलं. आमच्यात मांस वयानं वाटतात. दोन खुबे दोन थोरल्यांना, दोन मांडीची हाडं त्यांच्या मागच्यांना, नळीचं हाड त्याहून धाकट्याला. पाच जण असते तर खुबे अगायना आणि ओमुरबेकना, मांड्या शारशेनला आणि कुबातला, आणि नळी तिलेकला. पण शारशेननं खुबा खाल्ला आणि तिलेकनं मांडी. वरचा एक कमी झाला की खालचा प्रत्येक जण एक पायरी वर चढतो. आणि कुणी नुसतं हात धुवायला बाहेर गेलं असतं, तर त्याचं हाड त्याच्या जागेवर ठेवलं असतं. मानाचं हाड असं कुणी उचलून दुसऱ्याला देत नाही. वरचा जो उठून गेला, तो ‘माझी वाट बघू नका’ असं सांगूनच गेला होता. चौघांनी अगायसाठी खोटं बोलायचं ठरवलं, तेव्हा हाडाचं खोटं बोलायचं कुणालाच सुचलं नाही. जन्मात पहिल्यांदा मिळालेला मान कोण लपवील?

“बरं नव्हतं,” अगाय शांतपणे म्हणाले. “रक्तदाब वाढला होता. घरी पडलो, शेवटी दुव्याला आलो. मीच त्यांना म्हटलं, उगाच म्हाताऱ्याला पोलीस छळतील, माझं नाव घेऊ नका. एवढ्यावर मला फासावर चढवतेस?”

नाही, एवढ्यावर नव्हतं चढवता येत, हे बुरुलचालाही कळत होतं. हाडांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की तो थाळ्यापाशी नव्हता. त्या खोलीत होता हे हाडं कशी सांगणार? कार्ड बहुधा त्या शेगडीतच जळून गेलं होतं आणि मेलेली मुलगी बोलणार नव्हती. अगाय काठी टेकून उठले. सायकालकडे उशीर नको व्हायला, म्हणाले.

या माणसाच्या तोंडून त्या बाईला खबर मिळणार, या विचारानं बुरुलचाच्या अंगाची आग आग झाली. तिनं दार उघडलं. बाहेर कुबात उभा होता, भिंतीला पाठ लावून, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

५

“मीच त्यांना सांगितलं, एजे,” कुबात म्हणाला.

अगाय म्हणाले, “गप बस.”

पण कुबात गप बसला नाही. त्याच्या गप्प बसण्याला वीस वर्षं झाली होती. बेगायिमनं आपण जुमाशची मुलगी असल्याचं त्याला सांगितलं, आणि त्यानं कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं. त्या रात्री थंडीनं त्याला झोप नव्हती. भट्टीपाशी जुमाश नव्हता. त्याला घरी पाठवलं होतं. अगाय आले, स्टुलावर चढले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं झडप लावली. कुबात पांघरूण घेऊन बाहेरच्या खोलीत दाराच्या फटीशी झोपला होता, म्हणून वाचला. सकाळी अगायनं त्याला कुशीत घेतलं आणि ते रडले. लहान पोर. त्या कुशीतून तो पुन्हा बाहेर आलाच नाही.

“मुलाखत दिली आणि मला राहवेना,” तो म्हणाला. “बापाच्या पाठीमागे त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं? म्हणून काल जेवणाआधी अगायकडे गेलो. म्हटलं, संध्याकाळी हे सगळ्यांना दिसेल, मला माफ करा, मला दुवा द्या. त्यांनी दुवा दिला. कपाळाचं चुंबन घेतलं.” तो अगायकडे वळला. “आणि तिथून उठून तुम्ही तिच्या खोलीत गेलात. मी दुवा मागितला नसता, तर ती जिवंत असती.”

अगाय पुन्हा खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला. बुरुलचाला वाटलं होतं, ते नाकारतील, ओरडतील. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

कोळसा संपत आला होता त्या हिवाळ्यात, ते म्हणाले. मुलं कुडकुडत होती. ऊब पहाटेपर्यंत पुरावी म्हणून लावली झडप. मुलांसाठीच लावली. जुमाश तसाही दारू प्यायचा, लोकांना ते लगेच पटलं. आपण तुरुंगात गेलो असतो तर शाळा बंद पडली असती. “त्यानंतर किती पोरं माणसं झाली माझ्या हाताखाली, ते मोज ना, बुरुलचा. तूच त्यातली. हा कुबात त्यातला.”

“आणि बेगायिम?”

“दार लोटलेलंच होतं. झोपेत होती,” म्हातारा म्हणाला. “तिला काही कळलं नाही.”

त्याला ते खरोखर समाधानाचं वाटत होतं, आणि त्याच क्षणी बुरुलचाच्या मनातला मास्तर मेला. तिनं व्हरांड्यातल्या शिपायाला बोलावलं आणि अगायना त्यांच्या नव्या टोपीसकट त्याच्या हवाली केलं. ओमुरबेक आणि शारशेन अंगणात खाली मान घालून उभे होते. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला उगाच त्रास, असं ओमुरबेक पुटपुटले. बुरुलचाकडे म्हणण्यासारखं खूप होतं, पण तेरेकसायला पोचायचं होतं, आणि आता सगळ्यात थोरले ओमुरबेकच होते, खबर त्यांनीच द्यायची होती.

गाडीत ती कुबातला म्हणाली, “जुमाशचं तू सांगायचं. खबर द्यायच्या आधी. त्या बाईला एवढं तरी देणं लागतो आपण.” कुबातनं मान हलवली.

सायकाल दारातच होती. पाव्हणे बघून तिनं सतरंजी अंथरली, रोटी मोडली, चहा ओतला. ओमुरबेक हवामानाबद्दल दोन वाक्यं बोलले, घाटात बर्फ फार आहे म्हणाले, आणि त्यांना पुढे सुचेना. बुरुलचानं कुबातकडे पाहिलं.

कुबात गुडघ्यांवर बसला आणि बोलायला लागला. झडप जुमाशनं लावली नाही, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो निर्दोष होता, आणि मी वीस वर्षं तोंड शिवून बसलो. त्याला वाटलं होतं, म्हातारी रडेल, शाप देईल, निदान हातातली वाटी खाली ठेवील. तिनं त्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं.

“ते मला ठाऊक आहे,” सायकाल म्हणाली. “त्यानं स्वतः सांगितलं होतं, आणि माझा त्याच्यावर विश्वास होता. मला साक्ष नको होती, बाळा. साक्ष माझ्या लेकीला हवी होती.” तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीकडे. “ती तुमच्याबरोबर का आली नाही, ते सांगा.”